दोघींची होडी

शनिवारी दुपारी मी घरी पोचले तेव्हा आई अंगणात बसून तेलाच्या रिकाम्या कॅनना केशरी रंग लावत होती आणि चंदा ढेबे माझा स्वेटर घालून तिच्यासमोर बसली होती.

स्वेटर माझाच होता. डाव्या कोपरावर मी कॉलेजात असताना केलेलं ओबडधोबड रफू तसंच होतं. चंदा सकाळी पाण्यातून आली ती कुडकुडत, म्हणून आईनं माझं कपाट उघडून तो काढून दिला, हे मला नंतर कळलं.

“आलीस? चप्पल तिकडं कडेला काढ,” आई म्हणाली. “इथं रंग ओला आहे.”

चंदा उठली आणि चहा ठेवते म्हणून आत गेली. आमच्या स्वयंपाकघरात चहाची पूड कुठल्या डब्यात असते हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. थोड्या वेळानं तिनं आतूनच विचारलं, “ताई, तुम्हाला साखर किती?”

ब्रश न थांबवता आई म्हणाली, “तिला अर्धा चमचा.”

मी साखर सोडल्याला वर्ष झालं होतं.

आई आमच्या गावच्या कॉलेजात खेळ शिकवायची. बाकीच्या कॉलेजांतून खो-खोचे आणि कबड्डीचे संघ निघायचे. आईनं मात्र कुठून तरी दोन जुन्या कयाक मिळवल्या आणि मुलांना भाटघर धरणाच्या फुगवट्यावर न्यायला सुरुवात केली. कयाक म्हणजे निमुळती, हलकी होडी. एकाची असते, नाहीतर दोघांची. पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावीकडे, उजवीकडे मारत जायचं. दोनाच्या वीस होड्या झाल्या, धरणाच्या काठावर पत्र्याची शेड झाली, दर रविवारी सराव आणि डिसेंबरात आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांची स्पर्धा असं ठरूनच गेलं. आई निवृत्त झाली तरी यातलं काही थांबलं नाही. मुलं तिला मॅडम म्हणत. गावात कुणी धुमाळ मॅडमचं घर विचारलं तर लोक आमच्या घराऐवजी शेडचा रस्ता दाखवत.

मी यात कुठं होते, तर काठावरच्या टेबलाशी. शाळेत होते तेव्हापासून स्पर्धेच्या दिवशी छातीवर बांधायचे आकड्यांचे कापडी तुकडे वाटायचं काम माझं. तुकडे वाटून झाले की मांडीवर पुस्तक. मोठी झाले, पुण्याला एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला लागले, तरी डिसेंबरातल्या त्या एका रविवारी येऊन टेबलाशी बसायचे. होडीत मी कधी बसले नाही. आईनं कधी बसवलं नाही.

त्या शनिवारी मी एका कामासाठी आले होते. कोथरूडला मी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि आईनं त्या अजून पाहिल्या नव्हत्या. तिला आठ दिवस घेऊन जायचं, माझ्या हातचं जेवू घालायचं, संध्याकाळी टेकडीवर न्यायचं, असं मी मनात पक्कं केलं होतं. बसमध्ये मी वाक्यंसुद्धा तयार केली होती.

पण संध्याकाळपर्यंत ती माझ्या हाती लागली नाही. चारच्या सुमाराला आणखी पाच-सहा मुलं आली. पुढच्या रविवारची स्पर्धा, तिची दोरी बांधायची होती. वाळलेले कॅन ठरावीक अंतरावर दोरीला बांधायचे, मग ती दोरी पाण्यावर ताणून धरली की होड्यांना धावायला रस्ते तयार होतात. मुलांनी आमच्या अंगणापासून थेट शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत दोरी पसरली. बाबा खुर्ची घेऊन एका कोपऱ्यात बसले होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आईच्या या पसाऱ्यातच त्यांची करमणूक होती. “तुझी ही होडकी एक दिवस आपल्याला घराबाहेर काढणार,” असं ते दरवर्षी म्हणायचे आणि आई दरवर्षी “मग शेडमध्ये राहू” म्हणायची. त्या दिवशीही दोघं तेच बोलले आणि मुलं हसली.

अंधारायच्या आधी आईनं मुलांना ओळीनं बसवलं आणि म्हणाली, “हात.”

सगळ्यांनी तळवे पुढे केले. आई एकेकाचा हात आपल्या हातात घेऊन उजेडाकडे वळवायची, अंगठ्यानं दाबून बघायची. फोड फुटलेला असेल तर हळद आणि खोबरेल, नुसताच आलेला असेल तर त्याला सोडून द्यायचं. चंदाचा हात तिनं सगळ्यांत जास्त वेळ धरला. “उजव्या मनगटानं ओढतेयस तू अजून. खांद्यातनं ओढ म्हणून किती वेळा सांगायचं? मनगट काय आयुष्यभर पुरणार आहे का?” चंदा मान खाली घालून हसत होती. ती डोंगरातल्या धनगरवाड्यावरची. कॉलेजात येईपर्यंत तिनं धरण फक्त वरून पाहिलं होतं. आता तालुक्यात तिच्या पुढं जाणारं कुणी नव्हतं.

मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून धरून घट्टा पडला होता. तो मी अंगठ्यानं चाचपत राहिले.

मुलं गेल्यावर, ताटं घेताना, मी पुण्याचं काढलं. तयार केलेल्या वाक्यांतलं एकही नीट आलं नाही.

“येते की,” आई म्हणाली. “स्पर्धा होऊ दे.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालीस.”

“गेल्या वर्षी तुझ्या खोल्या कुठं होत्या?”

“खोल्या नव्हत्या. पण मी होते.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग भाकरी ताटात घालत म्हणाली, “तू बारीक झालीयस. जेव.”

मी खरं तर सोमवारी सकाळी निघणार होते. पण रविवारी उठले तेव्हा फाटकाबाहेर जीप उभी होती, चंदा आणि आई मिळून दोरीची वेटोळी मागे चढवत होत्या आणि कशावरून तरी दोघी इतक्या हसत होत्या की मी दार उघडल्याचंही त्यांना कळलं नाही. मी आत गेले, पिशवी भरली आणि बाबांना सांगून पहिल्या बसनं निघाले. आईला फाटकाशीच सांगितलं, मुद्रितं राहिली आहेत म्हणून. तिनं हात पुसून माझ्या पाठीवरून फिरवला. “पुढच्या रविवारी लवकर ये,” म्हणाली. “आकडे तूच वाट.”

बस खेड शिवापूरच्या पुढे गेली असेल, तेव्हा बाबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, “अवंती, उतर आणि परत ये.”

*

आई शेडसमोरच्या दगडावर बसली, छाती जड झालीय म्हणाली आणि जीपमधून दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. मी पोचले तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलं ओल्या कपड्यांनी उभी होती. चंदा अनवाणी होती. तिच्या अंगात माझा स्वेटर होता आणि त्याच्या बाह्या ओल्या होत्या, कारण जीपमध्ये तिनं आईचं डोकं मांडीवर धरून तिच्या तोंडावर पाणी मारलं होतं.

पुढचे काही दिवस घरी माणसं येत राहिली. येणारा प्रत्येक जण बसायचा, बाबांचा हात धरायचा, थोडा वेळ जमिनीकडे बघायचा आणि मग विचारायचा, कसं झालं? बाबा चंदाकडे बघायचे. चंदा सांगायची. दगडावर बसल्या, छाती जड झाली म्हणल्या, आम्ही उचललं. दर वेळी तीच वाक्यं, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. मी पाण्याचे पेले फिरवत असायचे. माझ्या आईच्या मरणाची हकीकत मी दुसरीच्या तोंडून ऐकत होते. ऐकणारे चंदाच्या पाठीवर हात ठेवत आणि मला म्हणत, “तू नव्हतीस ना?”

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. मरणावरची तर खूप. शोकात माणसाला काय काय वाटतं ते मला पाठ होतं. पण त्या आठवड्यात मला सगळ्यांत जास्त जे वाटलं, ते मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मला वाटायचं, ती मांडी माझी हवी होती.

गुरुवारी संध्याकाळी मुलं मिळून आली. पुढं चंदा होती. एका मुलानं घसा साफ करून बाबांना विचारलं, रविवारची स्पर्धा घ्यायची का? सगळ्या शाळांना कळवलेलं आहे. तुम्ही नको म्हणालात तर नको.

थोरली आत्या आतून म्हणाली, “घरात सुतक आहे आणि शर्यती कसल्या लावताय?”

बाबा अंगणाकडे बघत होते. तिथं त्या शनिवारी रंगवून ठेवलेले चार-पाच कॅन तसेच पालथे पडले होते. “तिनं रंगवलेलं वाळलंय आता,” ते म्हणाले. “घ्या स्पर्धा.”

मुलं उठली नाहीत. अजून काही तरी होतं. चंदा म्हणाली, “काका, मॅडमच्या थोड्या अस्थी आम्हाला द्याल का? स्पर्धेच्या आधी मधोमध नेऊन सोडू. जिथं शेवटचा बोया असतो, तिथं.” बोया म्हणजे वळसा घालायचा मोठा कॅन.

“कोण नेणार?” आत्यानं विचारलं.

मुलांनी चंदाकडे पाहिलं. त्यांच्यात ते ठरून आलेलं होतं. बाबांनी मान हलवली. त्यांची मान हललेली मी पाहिली आणि हातातला पेला खाली ठेवला.

“मी नेणार,” मी म्हणाले.

आत्याला राहवलं नाही. “तू? होडीत बसता येतं का तुला? सगळं आयुष्य पुस्तकात गेलं तुझं. उलटलीस तर तीही जायची पाण्यात आणि तूही.”

“अवंती,” बाबा हळू आवाजात म्हणाले, “मासेमारीवाल्यांचं मोठं होडकं आहे. आपण दोघं त्यातून जाऊ.”

“आई त्यातून कधी गेली होती?”

मुलं उठली. जाताना चंदा फाटकाशी म्हणाली, “उद्या शेडवर याल का ताई? बोलू.”

*

शेडमध्ये मी फार दिवसांनी पाय ठेवत होते. होड्या भिंतीला लावलेल्या आडव्या बांबूंवर एकावर एक ठेवलेल्या होत्या आणि दोऱ्या लांब तारेवर वाळत घातल्या होत्या. चंदा एकटीच होती. एका होडीच्या तळावरचा चरा काचपेपरनं घासत होती.

मी म्हणाले, “मी एकटी नेणार आहे. कुठली होडी घेऊ तेवढं सांग.”

तिनं घासणं थांबवलं. “एकट्यानं नाही जमायचं ताई.”

“का? तुला जमतं, शाळेतल्या पोरांना जमतं.”

“त्यांना पण पहिल्या दिवशी जमलेलं नाही. पहिल्यांदा बसणारा काठ सोडला की उलटतोच. उलटला तरी काही होत नाही, जॅकेट असतं, आम्ही असतो.” तिनं चऱ्यावरून बोट फिरवलं. “पण तुमच्या हातात मॅडम असतील.”

मी बांबूंवरच्या होड्यांकडे बघितलं.

“दोघांची होडी आहे,” ती म्हणाली. “तुम्ही पुढं बसा. मी मागं बसून वल्हवते. हातात तुमच्याच राहतील. मी हात पण लावणार नाही.”

“म्हणजे नेणार तूच.”

“वल्हवणार मी. नेणार तुम्ही.”

“तुला सगळ्याची उत्तरं येतात,” मी म्हणाले. “घरात साखर कुठं आहे ते येतं, माझे कपडे कुठल्या कपाटात आहेत ते येतं. माझी आई कशी गेली ते येतं.”

माझा आवाज चढला नव्हता. पण चंदाच्या हातातला काचपेपर खाली पडला आणि तिनं तो उचलला नाही. ती म्हणाली, “स्वेटर धुऊन ठेवलाय. आणायचा विसरले.”

बाहेर पाण्यावरून टिटवी ओरडत गेली. मी दारापाशी गेले, परत आले आणि जे पाच दिवस गिळत होते ते शेवटी विचारलं.

“शेवटचं काय म्हणाली ती?”

“जीपमध्ये काही बोलल्या नाहीत. त्याच्या आधी, दगडावर होत्या तेव्हा म्हणल्या, दोऱ्या ओल्या गुंडाळू नका. कुजतात.”

“आणि?”

“एवढंच.”

“माझ्याबद्दल?”

ती विचारात पडली. मला दिसत होतं की ती खरोखर आठवून बघत होती. एखादं वाक्य तिला सहज रचता आलं असतं, आणि ते मी आयुष्यभर जपलं असतं हे तिलाही कळत असणार.

“नाही ताई,” ती म्हणाली.

त्या क्षणी मला तिचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. घरी येताना लक्षात आलं, की रविवारी मी तिच्याच होडीत बसणार आहे. जी एवढ्यासाठीसुद्धा खोटं बोलली नाही, ती मला बुडवणार नाही.

*

रविवारी धरणावर धुकं होतं. ते विरेपर्यंत शाळांच्या गाड्या आल्या, मुलं उतरली, पण नेहमीचा गलका नव्हता. आमच्या मुलांनी पहाटेच पाण्यात उतरून दोऱ्या ताणून ठेवल्या होत्या. केशरी कॅन एका सरळ रेषेत थेट मधल्या बोयापर्यंत गेले होते. आकड्यांचं टेबल मांडलेलं होतं. त्यामागची खुर्ची रिकामी होती.

बाबा काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. त्यांनी मांडीवर धरलेला तांब्या माझ्या हातात दिला. तोंडाला लाल फडकं बांधलेला छोटा तांब्या, पण तो घेताना दोन्ही हात लागले.

चंदानं मला जॅकेट घातलं, पट्टे ओढून पाहिले, गळ्यापाशी दोन बोटं घालून फार आवळलं नाही ना ते बघितलं. आईच्या हातातलं सगळं तिच्या हातात उतरलं होतं. मी मान दुसरीकडे वळवली.

“आधी बूड टेकायचं, मग पाय आत,” ती म्हणाली. “उलटं केलं की अंघोळ.”

मी बसले. होडी खाली डुगडुगली आणि स्थिर झाली. इतक्या खाली बसल्यावर पाणी फार मोठं दिसतं हे मला माहीत नव्हतं. तांब्या मी दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरला. आता चंदा मागे बसेल आणि आम्ही निघू, म्हणून मी वाट बघत राहिले.

ती बसली नाही. गुडघाभर पाण्यात, होडीच्या मागच्या टोकावर हात ठेवून ती उभी होती. मी मान वळवून पाहिलं.

“चल ना.”

“तुम्ही म्हणा आधी.”

“काय म्हणू?”

चंदा अवघडली. आवाज खाली आणून म्हणाली, “मॅडमचा नियम आहे ताई. इथं पहिल्यांदा बसणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायला लागतं, मला जायचंय म्हणून. त्याशिवाय होडी ढकलायची नाही. घरच्यांनी सांगितलेलं चालत नाही, शाळेतल्या सरांनी सांगितलेलं चालत नाही. अगदी सुरुवातीला एका मुलाला त्याच्या वडलांनी जबरदस्तीनं बसवलं होतं म्हणं. तो पुन्हा पाण्याजवळ सुद्धा आला नाही. तेव्हापासून मॅडम ‘बस’ असं कुणालाच म्हणल्या नाहीत. होडी धरून उभ्या राहायच्या नुसत्या. माझ्या वेळेला किती तरी वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, मला बसवायचं नाही यांना. शेवटी मीच म्हणले.”

“मी म्हणाले की गुरुवारी. अस्थी मी नेणार म्हणून.”

“ते अस्थींचं झालं,” चंदा म्हणाली. “मला पण वाटलं होतं आज राहू दे. पण हात ढकलेनात.”

मी पुन्हा समोर वळले.

मी दहा वर्षांची होते. आईनं पुण्याहून टेंपोतून एक लहान पिवळी होडी आणली होती. एका रविवारी मुलं यायच्या आधी ती मला एकटीलाच इथं घेऊन आली. पिवळी होडी पाण्यात लोटली, तिचं टोक हातात धरलं आणि साडीचा काचा मारून पाण्यात उभी राहिली. माझ्याकडे बघत. काही बोलत नव्हती. मी काठावर उभी होते, चपला हातात घेऊन. ती ‘ये’ म्हणेल म्हणून वाट बघत होते. तिला मी हवी असेन तर ती बोलावेल, असं मला वाटत होतं. मला वाटलं, ती माझे हात-पाय बघतेय आणि हिला जमणार नाही असं ठरवतेय. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती म्हणाली, “बरं, चल. भूक लागली असेल तुला.” पुढच्या रविवारी स्पर्धेत त्या होडीत दुसरंच कुणी बसलेलं होतं आणि मी टेबलाशी आकडे वाटत होते. त्या टेबलावरून मी तिची सगळी मुलं एकेक करून पाण्यात जाताना पाहिली. प्रत्येकाचा मला हेवा वाटला. मी वाचलेली निम्मी पुस्तकं त्या टेबलाशी, खाली मान घालून वाचलेली आहेत.

“एकदा मी विचारलं होतं मॅडमना,” चंदा मागून म्हणाली. “ताई दरवर्षी येतात, मग पाण्यात का येत नाहीत?”

“काय म्हणाली?”

“‘तिनं अजून म्हटलं नाही,’ म्हणल्या.”

“कधी विचारलंस?”

“यंदाच. दिवाळीच्या सुट्टीत, होड्यांना पॉलिश करत होतो तेव्हा.”

काठावर इतकी मुलं असून कुणी हलत नव्हतं. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. होडीच्या तळाखाली पाणी बारीक आवाज करत होतं. पाठीमागे चंदा होती आणि तिला कसलीही घाई नव्हती.

“मला जायचंय,” मी म्हणाले.

ते चंदाला ऐकू गेलं नसावं, कारण होडी जागची हलली नाही. मी तांब्या पोटाशी घेतला. समोर पाण्याकडे बघत, काठावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात मी म्हणाले,

“आई, मला पण जायचंय पाण्यात.”